माहिती मागवली आहे

भित्रेपणात माझा हात धरणारा माणूस शाहूपुरीच्या सगळ्या गल्ल्या धुंडाळल्या तरी सापडायचा नाही. पोस्टमननं खालून "स्वामी!" अशी हाक मारली तरी मी आधी दाराला कडी लावतो. बँकेत सही करताना, ही आपलीच सही आहे ना, अशी शंका मला येते आणि मग ती खरोखरच जुळत नाही. अशा माणसानं फिनलंड देशातल्या एका बाईंविरुद्ध एकसष्ट माणसांची कृती समिती उभी केली, असं कुणी सांगितलं तर मीही विश्वास ठेवणार नाही. पण ते घडलं, आणि ते मीच घडवलं, म्हणून सांगतोय.

मी रुद्रय्या हिरेमठ, जंगमाचा म्हणून सगळ्या गल्लीचा 'स्वामी'. सन्मती सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल. एकोणतीस वर्षं त्याच खुर्चीवर, म्हणजे खुर्ची दोनदा विणून घेतली, माणूस तोच राहिला. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली असताना, २००३ साली, आमचे अध्यक्ष बापूसो चौगुले यांनी आपल्या गुळाच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर वाचनालयाला भेट दिला. दोन दिवस त्याच्या कळफलकातून मुंग्या निघत होत्या. तिसऱ्या दिवशी बापूसो स्वतः आले. बापूसो म्हणजे सहा फूट उंच, पांढरी टोपी, आणि आवाज असा की वाचनालयातली 'शांतता राखा' ही पाटी त्यांच्यासमोर ओशाळून जाते.

"स्वामी, यात सगळी पुस्तकं बसतील का?"

मी म्हटलं, बसतील. त्यासाठी लागणारी प्रणालीसुद्धा मिळाली आहे, बुकनेस्ट नावाची, एका मासिकाबरोबर तिची तबकडी फुकट आली आहे.

"फुकट?" बापूसोंनी भुवया चढवल्या. "फुकट म्हंजे कायतरी खोट असणार की."

इथं माझ्या तोंडून असे शब्द गेले की जे भित्र्या माणसानं जन्मात काढू नयेत. मी म्हणालो, "अध्यक्षसाहेब, जबाबदारी माझी."

आठ महिने खपून मी अकरा हजार दोनशे पुस्तकं त्या यंत्रात भरली. जुन्या कार्डांचं लाकडी कपाट आम्ही मोठ्या मनानं काढून टाकलं. त्याच्या खणांत आता मोहरी, जिरं आणि धणे राहतात, पलीकडच्या जोतीरामच्या किराणा दुकानात. सप्टेंबरात सरकारच्या ग्रंथालय खात्याचं पत्र आलं की फेब्रुवारीत तपासणीसाठी साहेब येणार, विषयवार ग्रंथयादी छापून तयार ठेवावी. मी छापायला घेतली. यंत्र करकर करत चार हजार शहाण्णव पुस्तकांपर्यंत आलं आणि थांबलं. पुन्हा छापली, पुन्हा चार हजार शहाण्णव. यादी नसली तर वाचनालयाचा सरकारी अनुदानाचा 'ब' वर्ग जाणार, आणि 'ब' वर्ग गेला तर पूर्णवेळ ग्रंथपाल हवाच कशाला, असं म्हणायला समितीतले दोन सभासद टपून बसले होते. त्या दिवशी मला घरी दोन घास गेले नाहीत.

पहिला सल्ला आला गुंडूभाऊंचा. गुंडूभाऊ हे जुने पैलवान. गुडघा गेल्यापासून ते रोज सकाळी वाचनालयात येऊन सगळी वर्तमानपत्रं वाचतात आणि मग ज्या बातमीचा राग आला असेल तिच्यावर कलेक्टर कचेरीत निवेदन देऊन येतात. त्यांनी छापलेला कागद हातात घेतला.

"चार हजार शहाण्णववर थांबतंय न्हवं? मग पुढचं पुस्तक कुठलं हाय ते बघा की. त्यातच घोटाळा असणार."

पुढचं पुस्तक निघालं 'कृष्णाकाठच्या जात्यावरच्या ओव्या'. पिवळट कव्हर, साठ पानं, कुण्या शाळामास्तरांनी कुरुंदवाडच्या बाजूला गावोगाव फिरून जमवलेलं. चाळीस वर्षांत एकदाही बाहेर गेलेलं नव्हतं. त्यात यंत्राला राग येण्यासारखं काय असावं मला कळेना. पण गुंडूभाऊंच्या डोळ्यांत मी असा काही निर्धार पाहिला की ते पुस्तक मी यंत्रातून काढलं, फडताळातून काढलं आणि माझ्या टेबलाच्या खालच्या खणात घालून कुलूप लावलं. पुन्हा छापलं. चार हजार शहाण्णव. आता 'घरगुती साबण तयार करणे' या पुस्तकाशी येऊन थांबलं होतं. गुंडूभाऊ म्हणाले, "ह्येबी काढा." असं करत गेलो तर साहेब येईपर्यंत वाचनालयात फक्त चार हजार शहाण्णव पुस्तकं उरतील आणि मग यादी बरोबर येईल, हे मला दिसत होतं. मी थांबलो. ओव्यांचं पुस्तक मात्र खणातच राहिलं. बाहेर काढायची भीती वाटत होती.

दुसऱ्या गल्लीत वीरेशचं नेट कॅफे आहे. वीरेश माझ्या मेहुण्याच्या ओळखीतला, डिप्लोमा झालेला, स्वभावानं शांत. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "स्वामी, ही मुक्त प्रणाली हाय, जगभरची मानसं मिळून फुकट बनवत्यात. तिचं सगळं काम उघड्यावर चालतंय. तक्रार नोंदवा, तिला नंबर मिळतोय. मग कुणाकडं दिली, कुठवर आली, कुठल्या आवृत्तीत दुरुस्त व्हनार, सगळं घरबसल्या बघायचं. कुणालाबी बघता येतंय."

मी खुर्ची मागं सरकवली. कचेरीचा सगळा कारभार रस्त्यावर मांडलेला? कुठल्या कारकुनाच्या टेबलावर कुठली फाईल किती दिवस पडून आहे, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं? अशा ठिकाणी मी एक दिवस टिकलो नसतो.

तरी तक्रार लिहिली. रीतीप्रमाणे लिहिली. विषय, संदर्भ, 'वरील विषयास अनुसरून सविनय निवेदन की', असं सगळं इंग्रजीत घातलं. वाचनालयाचा रजिस्टर नंबर घातला, पूर्ण पत्ता पिनकोडासह घातला, खाली 'प्रत माहितीस्तव : मा. जिल्हाधिकारी' असंही घातलं, वीरेश नको नको म्हणत असताना. आणि निवेदन कधीही अध्यक्षांच्या नावानं जातं, हे कोल्हापुरात लहान पोराला ठाऊक आहे. ग्रंथपालाच्या नावाला कोण विचारतो? म्हणून तक्रारदार या जागी मी लिहिलं, श्री. बापूसो भाऊसो चौगुले, अध्यक्ष. पत्ता वाचनालय कचेरीचा, म्हणजे बापूसोंच्या गुळाच्या दुकानाचा. ई-मेल माझा. बापूसोंना सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे यंत्र बंद पडलंय हे सांगावं लागलं असतं.

बटण दाबलं आणि दुसऱ्या क्षणी पोच आली. तक्रार क्रमांक अकराशे सत्याऐंशी. मी खुर्चीतून उठलोच. माझ्या आयुष्यात तीन हेलपाटे आणि एक चहा झाल्याशिवाय पोच मिळाल्याचं उदाहरण नाही. इतक्या चटकन पोच देणारी माणसं पुढं काय करतील याचा नेम नाही, असं मला वाटलं आणि ती भीती शेवटपर्यंत गेली नाही.

त्या पानावर खाली एक चौकोन होता : 'प्रकल्पाच्या प्रगतीची सर्व माहिती मिळावी असे वाटते का?' सज्जन माणूस नाही कसं म्हणणार? मी खूण केली. दुसऱ्या दिवशी टपाल उघडलं तर तीनशे बारा पत्रं. कुणी एक ओळ बदलली की पत्र. ती ओळ चुकली म्हणून परत पहिल्यासारखी केली की पत्र. कुणी त्यावर नाराज झाला की पत्र, कुणी त्याची समजूत काढली की पत्र. ज्यांच्या भांडणांशी माझा काडीचा संबंध नाही अशी ब्राझील, जर्मनी आणि कुठकुठली माणसं माझ्यासमोर भांडत होती, आणि मी वीरेशच्या कॅफेत बसून अंग चोरत वाचत होतो, न जाणो मधेच कुणी 'हिरेमठ, तुमचं मत काय?' असं विचारलं तर. चौथ्या दिवशी मी धीर करून एक नम्र अर्ज लिहिला, 'कृपया माझे नाव यादीतून कमी करावे.' तो अर्ज त्या यादीवरच्या सगळ्यांना गेला. मग माझं नाव कसं कमी करावं यावर त्यांच्यात भांडण लागलं आणि त्याची पत्रं मला येऊ लागली. आठवड्यात माझी टपालपेटी भरून वाहिली. त्यानंतर मला कुणाचंही पत्र येईना. मला सुटल्यासारखं वाटलं.

वीरेशनं मग सोपा मार्ग दाखवला. "बाकी काय बघू नगा. ह्यो एक तक्ता हाय, त्यात आपली एक वळ. तेवढीच बघायची." त्या ओळीत चार रकाने. क्रमांक, अकराशे सत्याऐंशी. स्थिती, नवी. कुणाकडे, मिर्या. कुठल्या आवृत्तीत होणार, दोन पूर्णांक शून्य. मिर्या म्हणजे एखादा आडदांड, दाढीवाला अंमलदार असणार, असं चित्र मी मनात पक्कं केलं. रोज साडेअकराला कॅफेत जाऊन मी ती ओळ पाहायचो आणि एका वहीत उतरवून घ्यायचो. तारीख, स्थिती, शेरा. एक महिनाभर स्थिती 'नवी' आणि शेरा 'बदल नाही'. शेजारच्या खुर्चीवर कॉलेजची मुलं जगभरच्या पोरींशी गप्पा मारत असायची, आणि मी एका ओळीकडे टक लावून बसलेलो.

संध्याकाळी पाचला बापूसो वर्तमानपत्र चाळायला यायचे. ते विचारायचे, "स्वामी, मशीन काय म्हणतंय?"

"काम प्रगतिपथावर आहे," मी सांगायचो. हे वाक्य खोटं नव्हतं. कुणाचं काम, हे मी सांगत नव्हतो एवढंच.

ऑक्टोबर संपला तसा गुंडूभाऊंचा संयम संपला. "एक म्हैना झाला न्हवं? आपल्याकडं नळाला पानी न्हाई आलं तर आपुन एक म्हैना थांबतो का? कृती समिती काढा."

मी नको म्हणालो. म्हणजे मनात म्हणालो. तोंडानं मी, "बघूया," म्हणालो, आणि कोल्हापुरात 'बघूया' म्हणजे होकार धरतात. एका मंगळवारी सकाळी गुंडूभाऊ तालमीची, गल्लीची आणि भिशी मंडळाची मिळून एकसष्ट माणसं घेऊन वीरेशच्या कॅफेत शिरले. प्रत्येकानं तक्रारीखालच्या जागेत एकेक ओळ लिहिली. कुणी 'पाठिंबा', कुणी 'जाहीर पाठिंबा', कुणी नुसतं नाव आणि गल्ली नंबर. एका वडापच्या जीपवाल्यानं आपला फोन नंबरही टाकला. शेवटी गुंडूभाऊंनी वीरेशला सांगून इंग्रजीत घातलं की आठ दिवसांत काम न झाल्यास वाचनालयाच्या दारात साखळी उपोषण सुरू करण्यात येईल व होणाऱ्या परिणामांची जबाबदारी श्री. मिर्या यांच्यावर राहील. मग सगळ्यांनी चहा प्याला. मी एका कोपऱ्यात कृती समितीचा निमंत्रक म्हणून उभा होतो. हे पद मला कधी मिळालं ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. वीरेश वाचून दाखवू लागला, "इथं लिहिलेली प्रत्येक ओळ तीनशेहून अधिक लोकांना टपालानं जाते. नवी माहिती असल्याशिवाय कृपया..."

"बंद कर," मी म्हणालो.

"आवो, खाली अजून हाय की."

"बंद कर म्हणतो ना!" एकसष्ट गुणिले तीनशे, हा गुणाकार मी मनात करत होतो. अठरा हजार तीनशे पत्रं, श्री. बापूसो भाऊसो चौगुले यांच्या तक्रारीवरून, त्यांच्या नकळत, जगभर गेली होती. परदेशी सरकारं असल्या गोष्टीला काय शिक्षा करतात? आता कुठल्याही दिवशी बापूसोंच्या दुकानावर वॉरंट येणार, असं मला स्वच्छ दिसू लागलं. वीरेशनं पान मिटलं, कारण मागं निकाल बघायला आलेल्या मुलांची रांग लागली होती. मी ठरवलं, ते पान पुन्हा उघडायचं नाही. फक्त तक्त्यातली ओळ बघायची, तीही लांबून.

आणि दोन दिवसांनी ओळ बदलली. स्थितीच्या रकान्यात नवे शब्द आले. वीरेश म्हणाला, "स्वामी, 'माहिती हवी आहे' असं लिवलंय. उघडून बघूया की, काय इचारतेत."

मी त्याचा हात धरला. कारण त्या शब्दांचा अर्थ मला त्याच्यापेक्षा चांगला ठाऊक होता.

इथं माझ्या शिक्क्याबद्दल सांगितलं पाहिजे. वाचकाला हवं ते पुस्तक मिळालं नाही की तो मागणीची चिठ्ठी लिहून देतो. त्या चिठ्ठ्यांचं काय करायचं, हे मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षी उमगलं. मी एक रबरी शिक्का करून घेतला : 'माहिती मागवली आहे.' चिठ्ठी आली की शिक्का मारायचा, तारीख टाकायची, अर्धी फाडून वाचकाला द्यायची, अर्धी खणात. माहिती कुणाकडून मागवली आहे, कसली मागवली आहे, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. वाचक बिचारा समाधानानं जातो आणि सहसा परत येत नाही. एक तानाबाई तेवढ्या येतात. कसबा बावड्याच्या, बालवाडीवर होत्या, आता निवृत्त. कधी शनिवारी के.एम.टी.च्या बसनं येतात, चिठ्ठी पुढं करतात, मी न बघता शिक्का मारतो, त्या मान डोलावून जातात. तीन वर्षं झाली.

तेव्हा 'माहिती हवी आहे' म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको होतं. फाईल खणात गेली होती. मिर्या माझ्याच जातकुळीतला निघाला. मी वहीत शेरा लिहिला, 'संपले.'

पुढं तसंच होत गेलं. उपोषणाचं गुंडूभाऊ दुसऱ्या एका बातमीच्या रागात विसरून गेले. नोव्हेंबरात आवृत्तीच्या रकान्यात दोन पूर्णांक एक झालं. डिसेंबरात 'ठरलेले नाही' झालं. घरी मी आणि माझी बायको शांतादेवी हातानं यादी उतरवायला बसलो. दाखल-नोंदवही तारखेवार, यादी हवी विषयवार, त्यामुळं एका विषयाची पुस्तकं शोधायला सगळी वही पालथी घालावी लागायची. पंधरा दिवसांत दोनशे बारा पुस्तकं झाली. शांतादेवीनं पेन खाली ठेवलं.

"अहो, जाऊन सांगा की बापूसोंना खरं काय ते. काय गिळत्यात व्हय तुमास्नी?"

"सांगतो," मी म्हणालो. रोज पाच वाजता बापूसो यायचे, रोज मी तोंड उघडायचो, आणि तोंडातून 'प्रगतिपथावर' हाच शब्द बाहेर पडायचा. माझं वजन चार किलोनं उतरलं. गल्लीत लोक विचारू लागले, स्वामी, साखर तपासली का?

तपासणी सोमवारी होती. आधीच्या गुरुवारी, बापूसो पाचऐवजी दुपारी दीड वाजताच आले. त्यांच्या हातात एक चित्राचं कार्ड होतं. बर्फाचं तळं आणि एक लाल घर, मागं परदेशी तिकीट. माझ्या टेबलासमोर उभं राहून त्यांनी ते कार्ड माझ्या नाकासमोर धरलं. वाचनालयातल्या सगळ्यांची वर्तमानपत्रं खाली आली.

"स्वामी, ह्ये मिर्या कोण?"

मला वाटलं, वॉरंटाचा रंग असाच असतो. मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. आणि मग जे पाच महिने बाहेर पडलं नव्हतं ते सगळं एका दमात पडलं. चार हजार शहाण्णव, तक्रार, त्यांचं नाव, त्यांचा पत्ता, एकसष्ट माणसं, अठरा हजार तीनशे पत्रं, उपोषण. शेवटी मी म्हणालो, "राजीनामा लिहून ठेवलाय. तारीख घालायची राहिलीय."

बापूसोंनी कार्ड उलटं करून माझ्यासमोर ठेवलं. "आधी ह्ये वाचा."

इंग्रजी अक्षर सुबक, गोल. 'आदरणीय श्री. बापूसो, तुमच्या ई-मेलवर पाठवलेली माझी सगळी पत्रं परत येत आहेत, पेटी भरली आहे असं कळतं. म्हणून पोस्टानं लिहीत आहे. मी चार वेळा विचारलं, उत्तर आलं नाही. मला काळजी वाटते. तुम्ही जेवत आहात ना?' खाली सही, 'श्रीमती मिर्या, फिनलंड.'

"माझ्या नावानं बाई चार चार येळा पत्र लिवतीया," बापूसो म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता, त्यामुळं तो जास्त भयंकर वाटला. "आन माझं उत्तर न्हाई? तीन पिढ्या पेढी चालवली आमी. गुळाला मुंग्या लागल्या असतील, पन पत्राला उत्तर न्हाई असं झालं न्हाई. चला उठा."

आम्ही वीरेशच्या कॅफेत गेलो. पुढं बापूसो, मागं मी, त्याच्या मागं गुंडूभाऊ. बापूसोंनी ते पान उघडायला लावलं. मी डोळे मिटून घेतले होते, वीरेश वाचत होता. त्या दिवशी मी अर्ध्यावर तोडलेलं उत्तर पुढं असं होतं : 'उपोषण म्हणजे काय ते मी विचारून घेतलं. कृपया कुणीही उपाशी राहू नका. मी एका शाळेत ग्रंथपाल आहे आणि हे काम आवडीनं करते. मला एवढंच सांगा, तुम्ही बुकनेस्टची कोणती आवृत्ती वापरता?' नोव्हेंबरात पुन्हा तोच प्रश्न. डिसेंबरात पुन्हा. जानेवारीत पुन्हा, आणि खाली, 'पत्ता दिला आहे, तिथं लिहून बघते.'

"काय इचारतीया बाई?" बापूसोंनी मला विचारलं.

"आवृत्ती कुठली, ते."

"तुमास्नी म्हाईत न्हाई?"

मला माहीत होती. एक पूर्णांक सहा. तबकडीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलं होतं, आणि ते पाकीट वाचनालयाची प्रगती दिसावी म्हणून मी स्वतः टेबलाच्या काचेखाली लावलं होतं. पाच महिने रोज त्याच्यावर कोपर टेकून मी काळजी करत होतो.

बापूसोंनी उत्तर सांगितलं, वीरेशनं लिहिलं. 'एक पूर्णांक सहा. उशीर झाला, माफी असावी. सगळे जेवतो आहोत.' तिथं तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. चहा येऊन संपायच्या आत उत्तर आलं. 'आभार! ही चूक एक पूर्णांक सातमध्येच दुरुस्त झाली आहे, दोन वर्षांपूर्वी. नवी आवृत्ती घाला, यादी पूर्ण येईल. जेवताय हे वाचून बरं वाटलं.'

म्हणजे मी तक्रार लिहायला बसलो तेव्हा ती चूक दुरुस्त होऊन दीड वर्ष उलटलं होतं. जे काम झालेलंच होतं त्याची प्रगती मी पाच महिने वहीत उतरवून घेत होतो. गुंडूभाऊंनी खाकरून घसा साफ केला. "म्हंजे आंदोलन यशस्वी झालं की वो," ते म्हणाले.

"बाई घरंदाज दिसतीया," बापूसो म्हणाले. "वीरेश, तिचा पत्ता उतरून घे. एक गुळाची ढेप पाठवून देऊ." मग माझ्याकडे वळले. "आन स्वामी, राजीनाम्याचा कागद पाठकोरा हाय न्हवं? त्याच्यावर यादी छापून बघा."

वीरेशनं नवी आवृत्ती घातली आणि यादी आली. अकरा हजार एकशे नव्व्याण्णव पुस्तकं, शनिवारी दुपारपर्यंत यंत्र करकरत होतं आणि मला तो आवाज सनईपेक्षा गोड वाटला. एक पुस्तक का कमी, ते मात्र मला समजेना. सोमवारी साहेब कुठलं पान काढून मोजायला लावतील याचा भरवसा नव्हता, म्हणून मी पुन्हा घाबरलो आणि मोजत बसलो.

तेवढ्यात तानाबाई आल्या. टेबलाशी उभ्या राहिल्या आणि नेहमीप्रमाणे चिठ्ठी पुढं केली. माझा हात सवयीनं शिक्क्याकडे गेला. शिक्का शाईवर दाबला, उचलला, आणि तिथंच राहिला. एकोणतीस वर्षांत मी वाचकाला जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"बाई, कुठलं पुस्तक म्हणालात?"

तानाबाई दचकल्या. एक पाऊल मागं सरकल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी चांगलं ओळखत होतो, पाच महिने मी ते आरशात बघत होतो.

"का वो? काय चुकलं का माझं?"

"नाही, नाही. नुसतं विचारतोय. कसलं पुस्तक आहे?"

"नाव काय म्हाईत न्हाई," त्या चाचरत म्हणाल्या. "आमच्या आईच्या वव्या हायत त्यात. कुरुंदवाडला मास्तर आलते, आई दळत हुती, त्यांनी बसून लिवून घेतल्या. मी ल्हान हुते, जात्यापाशीच बसलेली. पुस्तक झालं म्हनत्यात. आमी काय बघितलं न्हाई कधी. आई तर..." त्यांनी चिठ्ठी पुन्हा पुढं सरकवली. "नसलं तर ऱ्हाऊ दे. शिक्का मारा, मी पुढच्या शनवारी येते."

मी वाकून खालच्या खणाचं कुलूप काढलं. घाईत किल्ली दोनदा पडली. पिवळट कव्हरावरची धूळ सदऱ्याच्या बाहीनं पुसून मी ते पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, उघडलं नाही.

"आज नेऊ?"

"आजच न्या."

"शिक्का?"

"शिक्का नको."

त्या बाहेर गेल्या नाहीत. दाराजवळच्या बाकावर बसल्या, पुस्तक मांडीवर, वर दोन्ही हात घट्ट. वाचनालय बंद करायची वेळ झाली, मी दिवे मालवू लागलो, तरी त्या तशाच बसल्या होत्या. पुस्तक मिटलेलं, आणि डोळे माझ्यावर, मी ते परत मागायला येतो की काय म्हणून.